मॉमची माणसं

६ फेब्रुवारी, गुरुवार

टेरेन्स आज मॉमला, त्याच्या आईला, अबू धाबीहून अमेरिकेला घेऊन गेला. ‘घेऊन गेला’ असंच लिहिते, शवपेटी, कार्गो वगैरे शब्द लिहवत नाहीत. रविवारी सकाळी चर्चला निघता निघता गेली माझी सासू. टोपी डोक्यावर होती.

अंत्यविधी पुढच्या शनिवारी, जॉर्जियात, तिच्या गावच्या चर्चमध्ये. माझा अमेरिकेचा व्हिसा ऑक्टोबरात संपला, नव्याची अपॉइंटमेंट जुलैत. करू, करू म्हणत राहिले. इराकडे अमेरिकन पासपोर्ट आहे, ती जाऊ शकत होती. म्हणाली, “आय विल स्टे विथ यू, आई.” बारा वर्षांची पोर. हे शहाणपण तिच्या ग्रॅनीकडून आलंय, माझ्याकडून नव्हे.

सुनेनं सासूच्या अंत्यविधीला नसावं. आणि तेही अशा सासूच्या.

८ फेब्रु., शनि.

सकाळीच पुण्याहून आईचा फोन. दहा दिवस सुतक पाळ. फोडणी नको, देवापाशी दिवा नको. भेटायला कोणी आलं तर चहा विचारायचा नाही, निघताना ‘या’ म्हणायचं नाही, दारापर्यंत जायचं नाही. सगळं निमूट ऐकलं. तिथे नाही तर नाही, इथे तरी मॉमसाठी काही नीट करतेय असं वाटलं.

दुपारी तिच्या चर्चमधल्या सहा जणी आल्या. पुढे ग्रेस, केन्याची, नर्स आहे. गाताना मॉमच्या शेजारी उभी राहायची. दोघी थेट अजमानहून, बस बदलत. हातात ॲल्युमिनियमचे ट्रे: चिकन, भात, केक. मी ट्रे ओट्यावर ठेवले आणि गप्प बसले. पाणीसुद्धा विचारलं नाही. अर्ध्या तासानं त्या उठल्या, मी जागची हलले नाही. लिफ्टपर्यंत इरा गेली.

१० फेब्रु., सोम.

इरा दोन दिवस फुगलेली. आज बोलली. “दे आस्क्ड मी इफ यू वर अँग्री विथ देम.” मी तिला आपली पद्धत सांगायला लागले, तर म्हणाली, “बट दे डोंट नो दॅट, आई.”

खरंच की. आपल्याकडे न विचारलेल्या चहाचा अर्थ आलेल्याला माहीत असतो. त्यांना कुठून असणार?

टे.चाही फोन. ग्रेसनं त्याला विचारलं म्हणे, घरच्यांना एकटं राहायचंय का, आम्ही नको का यायला? तो चिडला नाही, तेच जास्त लागलं. “मेधा, मॉमनं काय सांगितलं होतं आठवतंय ना?”

आठवतंय. नाताळात, टर्की कापता कापता, हसत: मी गेले की काळे कपडे कुणी घालायचे नाहीत आणि उपाशी कुणी परत जायचं नाही. तिकडेही नाही, इथेही नाही. त्यांच्यात अंत्यविधी म्हणजे माणूस घरी पोहोचल्याचा सोहळा. गाणं, हसणं, मग सगळ्यांनी मिळून जेवण. इथली तिची माणसं म्हणजे ह्याच सहा जणी आणि त्यांचा गोतावळा. त्यांनाच मी घालवून दिलं. लाज वाटते स्वतःची.

११ फेब्रु., मंगळ.

मॉम तीन महिन्यांसाठी आली होती. इरा झाली, माझी पंचेचाळीस दिवसांची रजा संपली, ऑफिस म्हणालं यल्ला, चला आता कामावर, आणि मी बाथरूममध्ये रडत बसलेले. एकसष्टाव्या वर्षी दोन बॅगा घेऊन उतरली. तीस वर्षं शाळेची बस चालवून एकटीनं दोन मुलं वाढवलेली बाई. राहिली बारा वर्षं. इराचे केस मला कधी जमले नाहीत, कंगवे मोडायचे. ती दर रविवारी पोरीला गुडघ्यांत बसवून तेल लावायची, बारीक वेण्या घालायची. मलाही बसवायची कधीकधी, कारण न विचारता. वरणभातावर तिखट सॉस घालून खायची, ते मात्र मी शेवटपर्यंत माफ केलं नाही.

आणि बाबा. काळ्या माणसाशी लग्न केलं म्हणून तीन वर्षं माझ्याशी बोलले नाहीत. मॉमनं माझ्याकडून नंबर घेतला, दर रविवारी फोन. “मिस्टर देशपांडे, धिस इज टेरेन्सेस मदर. जस्ट चेकिंग ऑन यू.” बाबा ‘ओके, थँक्यू’ म्हणून ठेवून द्यायचे. पाचव्या महिन्यात तिच्या गुडघ्यांची चौकशी करायला लागले. इरा झाली तेव्हा स्वतः तिकीट काढून आले.

आज बाबांना सगळं सांगितलं. म्हणाले, “शनिवारी बोलाव सगळ्यांना. पोटभर जेवायला घाल. आईनं काही म्हटलं तर माझं नाव सांग.”

१२ फेब्रु., बुध.

ग्रेसला फोन केला. तीनदा उचलला नाही. चौथ्यांदा उचलला. माफी मागितली, सुतक समजावलं, अर्धं इंग्रजीत, अर्धं हिंदीत, घाम फुटला. ती म्हणाली (मॉम त्यांची मिस लोरेटा), “मिस लोरेटा टोल्ड अस यू आर अ क्वाएट वन. बट धिस वॉज टू क्वाएट, माय डियर.” शनिवारचं आमंत्रण दिलं. “विचारते सगळ्यांना,” एवढंच. हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

१५ फेब्रु., शनि.

तिकडचे सकाळचे अकरा, इथले रात्रीचे आठ. टीव्हीवर व्हिडिओ कॉलनं तिकडचं चर्च लावलं. साडेसातपर्यंत कोणी नव्हतं. चाळीस जणांचं जेवण घेऊन मी पांढऱ्या साडीत बसलेली. मग लिफ्ट उघडली आणि सगळ्या एकदम. एकतीस मोजल्या. सगळ्या पांढऱ्या कपड्यांत. चपला ठेवायला जागा पुरेना. (चौदावा दिवस, आपल्याकडेही गोड जेवण असतंच. पुरणपोळ्या संपल्या. दोघींनी सॉस मागितला!)

टे.नं तिकडून सांगितलं, आता अबू धाबीहून मेधा बोलेल. कागदावर लिहून ठेवलेलं. पहिल्याच वाक्याला तिकडून कोणीतरी ओरडलं, “येस!” मी थांबले. चुकलं वाटलं. दुसऱ्या वाक्याला, “से इट, बेबी!” पुन्हा थांबले. आपल्याकडे शोकसभेत खोकायची चोरी. इरानं कोपरानं ढोसलं, “कीप गोइंग, दे लाइक इट.”

मग मात्र कागद ठेवून दिला. मॉम बाबांना करायची त्या फोनचं सांगितलं. दोन्हीकडची माणसं रडत होती, हसत होती. मीही. गात कोण होतं ते कळेना, तिकडचे की आमच्या हॉलमधले.

मॉम, थँक्यू. तुझ्या तोंडावर कधी नीट म्हटलं नाही.

१८ फेब्रु., मंगळ.

टे. काल परतला. झोपतोय नुसता. ग्रेसनं रविवारी इराला गायला बोलावलंय.

आज भांडी पुसता पुसता इरा अगदी सहज म्हणाली, “आई, व्हेन इट्स यू, व्हिच वे शुड आय डू इट? आजीज वे ऑर ग्रॅनीज?”

‘विचार करून सांगते’ म्हटलं. “ओके, बट टेल मी,” म्हणाली आणि पुढचं भांडं घेतलं.

अजून सांगितलेलं नाही.