मागच्या सीटचं वजन

४ फेब्रुवारी

चि. सूनबाई,

तुला आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. गुडघा आहे तसाच आहे, म्हणजे त्याचं त्याचं चाललंय. तुझी तब्येत कशी आहे असं विचारणार होतो, पण तू "बरी आहे" एवढंच लिहिणार. तेव्हा खोकला गेला का, ते वेगळं लिही.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर माझं "जेवलीस का"च्या पुढे काही जात नाही. तू "हो" म्हणतेस, मग दोघंही फोन कानाला लावून गप्प. चौथीपर्यंतच शिकलो मी, अक्षर कोंबडीचे पाय आहे, पण कागदाला घाई नसते.

तर त्या मोटारसायकलचं. तू म्हणालीस, "बाबा, पुढच्या महिन्याच्या शेवटी मी गाडी घेऊन जाते, लांबच्या प्रवासाला निघायचंय. तेवढे टायर बदलून ठेवा, टिकाऊ बघा." मी बरं म्हणालो. मला वाटलं, त्यात काय, दुकानात जायचं, टिकाऊ द्या म्हणायचं. टायर निवडणं हे टेबलाला पॉलिशचा रंग निवडण्यासारखं असेल असं मला वाटलं होतं. नाही पोरी. फार अवघड आहे.

मोठ्या रस्त्याच्या वळणावर जे टायरचं दुकान आहे ते एक बाई चालवते. बाई दणकट, आवाज त्याहून दणकट. तिला घरी आणून गाडी दाखवली. ती उकिडवी बसली, टायरला अंगठा दाबला आणि म्हणाली, "आजोबा, हे झिजलेत कुठे? नक्षी शाबूत आहे. हे उभ्या उभ्या सुकलेत. ह्या बघा भेगा."

मी म्हणालो, "दर रविवारी पुसतो मी."

"पुसून काय होतंय? लोणच्याची बरणी आहे का ती? टायर चालला तर झिजतो, नाही चालला तर तडकतो. झिजलेला बरा, त्याने रस्ता तरी बघितलेला असतो."

मला ते लागलं. पण तिला काय माहीत, गाडी कुणाची. माझ्या पोराला, आपल्या भटक्याला, या गाडीने एकदाही पाडलं नाही. तापाने पाडलं. तो गेल्यापासून तू महिन्यातून एकदा येऊन गाडी सुरू करतेस, गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणतेस, तेवढंच तिचं चालणं.

मग मी म्हणालो, टिकाऊ द्या. तर ती म्हणते, कठीण रबराचा टायर वर्षानुवर्षं जातो, पण ओल्या रस्त्यावर त्याची पकड कमी. मऊ रबराचा रस्त्याला चिकटून चालतो, पण लवकर संपतो. आता हा प्रश्न माझ्यासारख्या माणसाला विचारायचा असतो का? टिकाऊ घेतला तर तू ओल्या वळणावर घसरणार. मऊ घेतला तर कुठल्यातरी उजाड रस्त्यावर गुळगुळीत टायर घेऊन तू एकटी उभी राहणार. दोन दिवस मला घास गोड लागला नाही. दोन्ही चित्रं आलटून पालटून दिसत होती.

तिसऱ्या दिवशी परत गेलो. बाई हसली. "तिसरा प्रकार सांगायच्या आधीच पळालात तुम्ही." लांबच्या प्रवासाच्या गाड्यांना एक टायर येतो म्हणे. मधला पट्टा कठीण, कडा मऊ. सरळ रस्त्यावर मधला भाग घासतो, वळताना कडा टेकतात. तुझ्या सासूबाई अशाच होत्या. मी घेऊन टाका म्हणालो.

पण तिने लगेच दिला नाही. माहिती पाहिजे म्हणाली. किती लांब जाणार, डोंगर लागणार का, पावसातून जाणार का, सामान किती. आणि एकटी की दोघं. त्याच मापात मागचा टायर दोन प्रकारचा येतो, एक साधा आणि एक जास्त वजन पेलणारा. मागच्या सीटवर रोज माणूस बसणार असेल तर दुसरा घ्यावा.

मी म्हणालो, विचारून सांगतो.

तेव्हा सगळं नीट लिही. हातमोजे आहेत का तेही लिही.

तुझे सासरे


१६ फेब्रुवारी

चि. सूनबाई,

तुझं पत्र मिळालं. खोकला गेला हे वाचून बरं वाटलं. हातमोजे घे. जुने आहेत असं लिहिलंस, म्हणजे नाहीतच.

किती लांब ते कळलं. एवढं लांब जायलाच पाहिजे का, हे मी विचारणार नाही. डोंगर आहेत, पाऊस लागू शकतो, सामान थोडं. सगळं बाईला सांगितलं. एका प्रश्नाचं उत्तर मात्र तुझ्या पत्रात नव्हतं. मी पान उलटून मागची बाजूही बघितली. पाकिटातही बघितलं. विसरली असशील, कामाच्या गडबडीत होतं असं.

दुकानात बाईने परत विचारलं, "एकटी की दोघं?" मी म्हणालो, "एकटीच. दुसरं कोण असणार?" जरा जोरातच म्हणालो. तिने मान वर करून बघितलं आणि साधा टायर लिहून घेतला.

आता पुढचं सांगायला लाज वाटते, पण सांगतो, कारण तुला शेजारच्या मास्तरीणबाईंकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

टायर आले. बाई म्हणाली गाडी घेऊन या, बसवून देते. मी म्हणालो आधी घरी नेतो, एकदा डोळ्यांखालून घालतो. हातगाडीवरून आणले. भिंतीला टेकवून ठेवले आणि समोर स्टूल घेऊन बसलो. काळेभोर, नवा वास. छान होते. पण मला सारखं वाटत होतं, काहीतरी राहिलंय.

तुला माहीत आहे, आमच्या पॉलिशच्या कामात एक रीत होती. कपाट असो, खुर्ची असो, नाहीतर पोराचं खेळणं असो, कारखान्यातून वस्तू बाहेर पडण्याआधी तिच्यावर शेवटचा हात फिरवायचा. गिऱ्हाईक किती का घाई करेना. शेवटचा हात दिल्याशिवाय वस्तू दाराबाहेर गेली तर आमचे मुकादम म्हणायचे, "पोरीला न भेटताच सासरी पाठवलं."

तर मी शेवटचा हात दिला. मेणाचं पॉलिश, मऊ फडकं, गोल गोल. मधल्या पट्ट्याला दिला, कडांनाही दिला, नक्षीच्या खाचेत काडीला कापड गुंडाळून दिला. असे चमकले म्हणून सांगू! मास्तरीणबाई दारावरून जाताना थांबल्या, म्हणाल्या, "काका, तोंड दिसतंय की यात."

दुसऱ्या दिवशी गाडी ढकलत, टायर हातगाडीवाल्याकडे देऊन दुकानात गेलो. बाईने टायर हातात घेतला आणि तिच्या हातातून तो सुळकन निसटला. तिने बोटाचा वास घेतला.

"आजोबा, हे काय लावलंत?"

"मेण."

"टायर आहे की जेवणाचं टेबल? पहिल्या वळणावर तुमची सून आणि गाडी दोघी दोन दिशांना गेल्या असत्या!"

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, ती हसली. मी हसलो नाही. बाईने पाणी दिलं आणि आवाज एकदम उतरवला. म्हणाली, "नवा टायर मुळातच थोडा गुळगुळीत असतो. थोडे दिवस सावकाश चालवून त्याचं नवेपण उतरवावं लागतं. हे साबणाने घासून धुतलं की जाईल. चालेल. पण तुम्हाला झोप लागणार नाही."

मी म्हणालो, "नाही लागणार."

ते टायर तिने घासून धुतले आणि स्वतःच्या भावाच्या गाडीसाठी ठेवून घेतले. तो गावातल्या गावातच फिरतो, तेही बैलगाडीच्या चालीने. मला परत नवे मागवायचे आहेत. ती म्हणाली, "या वेळी माणसाला नीट विचारून या."

तेव्हा पोरी, राहिलेलं एक उत्तर कळव. कळवलंस तर बरं होईल.

तुझा कटकट्या सासरा


२५ फेब्रुवारी

चि. पोरी,

तुझं उत्तर यायच्या आधीच हे लिहितो आहे. कदाचित तुझं पत्र वाटेत असेल. असलं तर दोन्ही एकमेकांना ओलांडून जातील, जाऊ देत. तुला उत्तर लिहायला अवघड जात असेल, आणि मी मात्र वर वर "विसरली असशील" म्हणत बसलोय, हे मला बरं वाटेना.

मागच्या खेपेला तू आली होतीस. मी चहा ठेवत होतो, तू गॅलरीत फोनवर बोलत होतीस. आणि तू हसलीस. तोंडावर हात न ठेवता, मान मागे टाकून. भटक्या गेल्यापासून तसं हसू या घरात झालेलं नाही. इकडे माझा चहा उतू गेला. मग तू वळलीस, मी दिसलो, आणि तू ते हसू असं मिटून टाकलंस, जसं कुणी पाहुणा आला म्हणून अंथरूण गुंडाळावं. "ऑफिसचा फोन होता, बाबा," म्हणालीस. पोरी, मी जन्मभर कारखान्यात काम केलं. कामाच्या फोनवर तसं कुणी हसत नाही.

मला तुझ्या हसण्याचा राग आला नाही. ते मिटण्याचा आला. मी या घरात असा कोण बसलोय, की मला बघून माणसाने हसू आवरावं?

पण तेव्हा मी चहात साखर आहे का एवढंच विचारलं.

मला भीती वाटते ते सांगतो. तू महिन्याला येतेस ती गाडी सुरू करायला, असं आपण दोघं म्हणत आलो. गाडी गेली की मग कशाला येशील? आणि मागच्या सीटवर कुणी असलं तर त्याला काय म्हणून इथे आणशील? पहिल्या नवऱ्याच्या बापाकडे? टायर निवडायला मी इतके दिवस लावले ते काही तू घसरशील म्हणूनच नाही. टायर बसले की गाडी जाणार होती. म्हणून मी कधी कठीण, कधी मऊ करत राहिलो.

चार दिवसांपूर्वी दुकानात गेलो. बाईने वही उघडली नाही, नुसतं बघत राहिली. मग म्हणाली, "बोला आजोबा. एकटी की दोघं?"

मी म्हणालो, "दोघं."

"विचारलंत?"

"नाही."

"मग?"

"बाई, समजा एकटीच असली, तर जास्तीचं वजन पेलणारा टायर काही चावत नाही ना?"

"नाही चावत. थोडा कडक चालेल, एवढंच."

"आणि दोघं असले आणि साधा असला तर?"

तिने वही उघडली. टायर लिहून घेतला.

आज सकाळी ते बसले. मी हात लावला नाही. हात पाठीमागे बांधून उभा होतो, तरी बाई मधूनमधून माझ्या खिशाकडे बघत होती, फडकं आहे की काय म्हणून. मधला पट्टा कठीण आहे, कडा मऊ आहेत, मागचा दोन माणसांचा आहे. बाई म्हणते, सांभाळून चालवलीस तर ते खूप वर्षं जातील. तेव्हा मी असेन का नसेन. तू हस, पण मला त्या गोष्टीचं बरं वाटलं.

आता काही सूचना. नवेपण उतरेपर्यंत वळणावर जोर करू नको. तो चालवत असेल तर त्यालाही सांग, आणि त्याला गाडी नीट येते का ते तू बघ, मी विचारणार नाही. खरं म्हणजे विचारीन. त्याला हेल्मेट नवं घ्यायला सांग. खुंटीवरचं भटक्याचं मी देणार नाही. हेल्मेटही जुनं झालं की कामाचं राहत नाही असं बाई म्हणाली, पण ती म्हणाली नसती तरी दिलं नसतं. ते इथेच राहील. तेवढं मला दे.

आणि एक. टायर बसवल्यावर थोडं चाललं की परत आणून हवा आणि झीज बघावी लागते, ती ज्या दुकानात बसवला तिथेच. नियम आहे. त्यासाठी तुला इकडे यावं लागेल, प्रवास संपल्यावर, आणि त्यानंतरही अधूनमधून.

हा नियम बाईने सांगितलेला नाही. मीच केला.

दोघं असाल तर दोघं या. त्याच्या चहात साखर किती ते आधी कळव, दारात विचारायला मला जमणार नाही. आणि हसायचं असेल तर गॅलरीत जायचं कारण नाही, आत बसून हस.

मागच्या पत्रांवर मी खाली सासरा लिहिलं होतं. ते नाव पुढे कदाचित दुसऱ्या कुणाच्या वाट्याला जाईल. त्याचंच असेल ते, त्याला घेऊ दे. तू मला ज्या नावाने हाक मारतेस ते मात्र माझ्याकडे ठेवतो.

तुझा
बाबा