खोडाच्या रसाचं कापड

अहो,

जन्मभर तुमचं नाव घेतलं नाही, आता काय घेऊ? चौथीपर्यंतचं अक्षर आहे, लागेल तेवढं वाचा. लिहायचं कारण एवढंच की तुमचं शेवटचं कापड आज मी धुतलं.

चुकून नाही, मुद्दाम धुतलं. आपला सुभाष रविवारी मला इंदूरला न्यायला येतोय. घर बंद करायचं ठरलंय. मीच हो म्हटलं. तुम्ही गेल्यापासून इथे भांडायला कोणी नाही. शेजारचे माग खडखडतात, त्यांना काय बोलणार? भाजी एका माणसाची होत नाही, उरलेली दुसऱ्या दिवशीही मीच खाते. तुमची चित्रं पोराने आधीच नेली. हे कापड तेवढं कोरं म्हणून पडून होतं. मांजरपाट चांगलं होतं, म्हटलं गोधडीला अस्तर होईल.

तुम्ही दिवसभर दुकानांच्या पाट्या रंगवायचात, अक्षर कसं दोरी लावल्यासारखं! आणि संध्याकाळी ते जॅझ लावून वाकड्या रेघा ओढायचात. भुसावळच्या रेल्वेबँडात वाजवणाऱ्या त्या गोव्याच्या दोस्ताने कॅसेटी दिल्या आणि माझ्या घरात रेडा शिरला. कॅसेटीतला भोंगा वर चढला की तुमचा पिवळा वर चढायचा, ढोल घुमला की काळा. मी म्हणायची, लग्नाच्या वरातीत तरी कळतं नवरदेव कोणता, यात काय कळतं? तुम्ही हसायचात. उत्तर द्यायला काय जात होतं तुमचं?

एकदाच दिलंत. प्रत्येक चित्रात खालचा कोपरा रिकामा असायचा. मी विचारलं, रंग संपतो का तुमचा दर वेळी? तेव्हा म्हणालात, "या वाजवण्यात एक जण थांबतो, मग दुसरा बोलतो. ती तुझी जागा आहे. तू मध्ये बोलल्याशिवाय राहतेस का?" त्या दिवशी मी भाजीत मीठ घातलं नाही. तुम्ही तशीच खाल्लीत.

मग तुमची छाती भरली. डॉक्टरने रंगाचा वास बंद केला. डबे मीच उचलून बाहेर नेऊन ठेवले. त्यातच मूतखडा निघाला, म्हणून माझा भाऊ तुकईथडहून केळीचं खोड आणून द्यायचा आणि मी रस काढून वाटीत द्यायची. अर्धा प्यायचात आणि उरलेल्यात ब्रश बुडवायचात. या कापडावर नुसती ओल दिसायची. मी म्हटलं, "पाण्याने काय रंगवू राहिले तुम्ही?" तर म्हणे, "ऐक तर आधी." टेप चालू होती. सुभाष माझ्या कानाशी येऊन म्हणाला, दादांचं डोकं आता ठिकाणावर नाही. मलाही तसंच वाटलं. कोणाला वाटणार नाही?

आज कापडाला साबण लावला आणि ते तपकिरी पडायला लागलं.

मी केळीवाल्यांची पोर! खोडाचा चीक कापडाला लागतो तेव्हा दिसत नाही, साबण लागला की उमटतो आणि मग जात नाही. बापाचे सदरे घासताना हात सोलले माझे. तुम्हाला तरी हे कोणी सांगितलं होतं? मीच, शिव्या देत. शहाणपण माझं आणि चित्र तुमचं.

रेघा सुरेख आहेत, तेवढं कबूल करते. भोंगा कुठे चढला तेही मला दिसलं. पण या वेळी नुसता कोपरा रिकामा नाही. अर्ध्याहून जास्त कापड कोरं आहे. पुन्हा घासून पाहिलं, उन्हात धरून पाहिलं. तिथे तुम्ही ब्रश लावलेलाच नाही.

एवढं मोठं? एकटी बाई एवढं कधी बोलायची? जाणाऱ्या माणसाने थोडी कमी जागा सोडावी.

दुपारी सुभाषला फोन लावला. म्हटलं, रविवारी येऊ नकोस. तो म्हणाला, "आई, एकटी काय करशील तिथे?" म्हटलं, "बोलेन." त्याला वाटलं असेल, आता आईचंही डोकं गेलं. वाटू दे. कापडाचं सांगितलं तर म्हणाला, काच लावून फ्रेम करून घेऊ. मी नाही म्हटलं.

तेव्हा ऐकून ठेवा. हे कापड गोधडीत जाणार नाही, काचेतही जाणार नाही. तुमची खाट होती त्या भिंतीला खिळे ठोकून लावीन. रोज संध्याकाळी टेप लावून समोर तूर सोलत बसेन. भोंगा थांबला की मी बोलेन, भावाची सून कशी वागते, मागवाल्याने माझ्या दारात कसा कचरा टाकला, सगळं. तुम्ही पूर्वीसारखे गप्प बसून ऐका. तेवढं तुम्हाला नेहमीच छान जमायचं.

तुमची,
मथुरा