पाच हजारावरचं गवत

दि. ४ ऑगस्ट

सौ. घरधनिणीस,
अ. उ. आ. विशेष.

तू पोचल्याचं पत्र परवा दुपारी मिळालं. बस पोचली म्हणून तू पोचलीस, त्यात एवढं हुरळून जाण्यासारखं काही नाही. तुझ्या वन्संच्या, धाकटीच्या त्या गावाची उंची एकवीसशे मीटर आहे. आपल्या घराचा जिना एकोणीस पायऱ्यांचा आहे आणि अकराव्या पायरीवर तुझा हात कठड्याला लागतो. हे मी मोजलेलं आहे. पुढचा अंदाज तूच बांध.

अट पुन्हा लिहून ठेवतो, म्हणजे मागाहून ‘असं कधी म्हणालात’ हे नको. उंचीमापकाचा काटा पाच हजारावर आला की असशील तिथून मागे फिरायचं. खिंड त्याच्या वर तीनशे साठ मीटर आहे हे मला कुणी शिकवायला नको. मी ती एकट्याने गाठलेली आहे, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. पाच हजाराच्या वर माणूस नुसता बसला तरी झिजतो. तू तर घरीही बसल्या जागी झिजतेस. यंत्र मी स्वतः तुझ्या पिशवीच्या तळाशी ठेवलं आहे. त्याची पेटी तिसऱ्या मुक्कामापर्यंत उघडायची नाही, खालच्या दमट हवेने आतली डबी बिघडते. हे तुला समजायचं नाही, पण पाळता येईल.

दुकान ठीक चाललं आहे. तू नाहीस म्हणून मोहोर लावायचं कामही माझ्याच गळ्यात आलं. काटा जुळवून झाला की यंत्राच्या मागच्या स्क्रूवर लाल लाखेचा एक थेंब टाकायचा, त्यात काय एवढं, असं मी एकवीस वर्षं समजत होतो. पहिले दोन ओघळले. तिसरा बसला. थेंब पडल्याशिवाय माझ्या बाकावरून एकही यंत्र बाहेर गेलेलं नाही, हे गाव जाणतं. गिऱ्हाईक आधी थेंब बघतं, मग काटा.

संध्याकाळी घड्याळजी आणि पेन्शनीतले मास्तर नेहमीसारखे येऊन बसतात. काल एका नव्या गिऱ्हाइकाला खिंडीची हकिगत ऐकवावी लागली. पायाखाली दोन तळी, एक हिरवं आणि एक काळं, एकाच चेहऱ्यावर दोन रंगांचे डोळे असावेत तशी. ते ऐकून तो आपलं यंत्र न्यायचंच विसरला. मास्तर म्हणाले, वहिनी बघून आल्या की दोघांची उत्तरं पडताळून बघू. त्यांची पेपर तपासायची खोड काही जात नाही.

कळावे. हौस बेताने करावी, एवढाच आशीर्वाद.

दुकानातून, तुझा


दि. १३ ऑगस्ट

ती. स्वरूप यांस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. अकरावी पायरी मोजलीत ते वाचून बरं वाटलं, मी जिना चढताना तुम्ही वर बघता हे मला ठाऊक नव्हतं.

लाख लावताना घाई करू नका. कांडी ज्योतीवर धरून मनात नऊपर्यंत मोजायचं. सातला काढली तर चिकटत नाही, अकराला काढली तर ओघळते. तुम्ही बहुतेक अकरापर्यंत जाता.

मी रोज सकाळी पाठीवर बारा किलो वाळू घेऊन इस्पितळाची टेकडी चढते. धाकट्या वन्सं ड्यूटीवर जाताना वाटेत माझी नाडी मोजतात आणि दर वेळी आकडा सांगण्याआधी हसतात. मागच्या आठवड्यात म्हणाल्या, दादा एकटा गेला होता, तुम्हाला मात्र वाटाड्याही हवा आणि मीही हवी. मी म्हटलं, दादांना बायको नव्हती तेव्हा, सामान हलकं होतं. त्यावर दोन दिवस अबोला होता. पण त्यांनाही यायचंच आहे. इथे अकरा वर्षं राहून त्या पहिल्या मुक्कामाच्या पुढे कधी गेल्या नाहीत, दादा नेईल म्हणून थांबल्या.

तुम्ही विचाराल, या वयात हे खूळ कशाला. इथे गच्चीत कपडे वाळत घालताना समोर बर्फाची रांग दिसते. पहिल्या दिवशी मी ढग समजले. मग लक्षात आलं की ढग सरकतात आणि हे सरकत नाही. हातातला पिळा हातातच राहिला. माझी सगळी वर्षं चार भिंतींच्या आत, तुमच्या पाठीमागे उभं राहून गेली. एवढी मोठी वस्तू, आणि तिला माझ्याकडून काही नको आहे, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी तुमचं दुकान सांगितलं नाही, खिंड सांगितली होती. तेव्हापासून चहा देताना ती हकिगत मी ऐकते आहे. आता पाठ आहे. एकदा डोळ्यांनी बघावी, एवढंच.

काटा पाच हजारावर आला की फिरायचं, कबूल. काट्याला शब्द दिला. पण मास्तरांनी विचारलंच तर पंचाईत नको, म्हणून कळवा: दोन्ही तळी एकदम दिसायला खिंडीत नेमकं कुठे उभं राहायचं? उजवीकडे की डावीकडे?

माया असू द्यावी, पायऱ्या मोजण्यापुरती तरी.

आपली


दि. १९ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझ्या वहिनीचं पत्र आलं. तिला मी उत्तर लिहीत नाही, कारण तिला प्रश्न फार पडायला लागले आहेत. तिला सांग, जिथे जायचंच नाही तिथे कुठे उभं राहायचं याची चौकशी करू नये.

आता तू नीट वाच. तुला हौस म्हणून पाठवत नाहीये, कामाला पाठवतो आहे. तिसऱ्या मुक्कामाला पेटी उघडून घ्यायची आणि काटा तू वाचायचा, तिने नाही. पाच हजार म्हणजे पाच हजार, चार हजार नऊशे नव्वद नाही आणि पाच हजार दहाही नाही. ती रडेल, विनवेल. रडू दे. वाटाडे काहीही सांगतात, त्यांचं पोटच वर नेण्यावर चालतं. शाळेत न जाता चाळीस पुस्तकं वाचून मी हे शास्त्र शिकलो. दगड बघून उंची सांगणाऱ्याच्या नादी तू तरी लागू नकोस.

ती फिरली की तूही फिरायचंस. तुझी खिंड राहिली म्हणून हळहळू नको, तुला मी पुढे नेणारच आहे. सवंग सोबतीने बघण्यासारखी ती जागा नव्हे.

तुझ्यावर भिस्त आहे, ती तशीच राहावी.

दादा


दि. ४ सप्टेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मी काल परत आले. एकटी. वहिनी माझ्याबरोबर नाही, हे आधीच लिहिते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला नको.

चौथ्या दिवशी, ३१ तारखेला, दुपारी दोन वाजता काटा पाच हजारावर आला. मी सगळ्यांना थांबवलं. खरं सांगते, तोवर मी चांगली चालत होते, पण आकडा बघितला आणि माझं डोकं दुखायला लागलं. वाटाड्या हसला. म्हणाला, बाई, ही जागा चव्वेचाळीसशेसुद्धा नाही, त्या रंगवलेल्या दगडावर लिहिलंय बघा. मी त्याला सगळ्यांसमोर झाडला. म्हटलं, माझ्या दादाने लावलेला काटा आहे, तुझ्या दगडापेक्षा मला तो जवळचा. तो साठीचा माणूस बिडी पेटवून त्या दगडावरच जाऊन बसला.

वहिनी रडली नाही, विनवणीही केली नाही. बूट काढून पायाला वारा देत बसली होती. मग बूट चढवले आणि एवढंच म्हणाली, “तुम्ही दादांच्या काट्याचं ऐका, मी वाटाड्याचं ऐकते.” यंत्र माझ्या हातातून मागून घेतलं, पेटीत ठेवलं आणि निघाली. मी ओरडून तुझी अट सांगितली. तिने मागे वळून हात केला, बसमधून करतात तसा.

मी खेचरवाल्यांबरोबर उतरले. तिन्ही दिवस मला रडू येत होतं आणि ते कशाचं हे कळत नव्हतं. दादा, एक विचारू? तिथे गवत होतं. घोट्यापर्यंत गवत आणि त्यात चरणारी मेंढरं. तू तर नेहमी सांगतोस की चार हजार आठशेच्या वर बर्फाशिवाय काही नाही. मग पाच हजारावर गवत कसं?

मी बरोबर केलं ना? तेवढं लिही. इस्पितळातल्या सगळ्याजणी विचारतात, खिंड कशी होती, आणि मला सांगावं लागतं की मी भावाचं ऐकलं.

आशीर्वाद असावेत.

धाकटी


दि. १० सप्टेंबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तू बरोबर केलंस. याहून जास्त त्यावर लिहिण्याची गरज नाही.

गवताचं म्हणशील तर एखाद्या वर्षी ते वर चढतं. पुस्तकात अपवाद दिलेले असतात, मी सगळेच सांगत बसत नाही. काटा खोटं बोलत नाही आणि तुझं डोकं दुखलं हाच त्याचा पुरावा. तू परिचारिका आहेस, एवढं तुला कळायला हवं.

तुझी वहिनी परतली असली तर पाठीवरून आणली असेल. एक खाट तयार ठेव. तिची बोटं काळी पडली असतील तर कापण्याआधी मला कळव. अक्कल आली असेल तर तीही कळव, पण खाटेची तयारी आधी. आणि वर काय दिसलं म्हणून ती काही बरळत असेल तर ते इतर कुणाशी बोलण्याआधी मला लिही. विरळ हवेत माणसाला असलेलं दिसत नाही, हे शास्त्र आहे. दुकानात मास्तर रोज विचारतात, वहिनींचं पत्र आलं का. मी सांगितलं, आलं की वाचून दाखवतो.

आज्ञेत आहेस तशीच राहा.

दादा


दि. १४ सप्टेंबर

ती. स्वरूप यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं दहा तारखेचं पत्र वन्संनी मला वाचायला दिलं. खाट लागली नाही. बोटं दहाच्या दहा आहेत, एका नखाला काळं आलंय. नऊ तारखेला परतले, दोन दिवस झोपले आणि मग भाकरी भाजतात तशी उन्हात उलटीपालटी होऊन पडले.

तुमची पेटी मी तिसऱ्या मुक्कामाला नाही उघडली. इथे पोचले त्याच दिवशी उघडली, बसथांब्यावर. एकवीस वर्षं तुमच्या हाताखालचं प्रत्येक यंत्र मीच उलटं करते, थेंब टाकायला. तेवढी एकच पेटी तुम्ही स्वतः बांधलीत आणि स्वतः पिशवीत ठेवलीत, तेव्हाच मनात आलं होतं. उलटं करून बघितलं. स्क्रू कोरा होता. थांब्याच्या पाटीवर गावाची उंची एकवीसशे लिहिली आहे आणि काटा सत्तावीसशे दाखवत होता. काटा तुम्ही खोटा लावू शकलात, पण त्यावर मोहोर टाकायला तुमचा हात धजला नाही. बघा, मी तुम्हाला किती ओळखते. सहाशे मीटर का, तेही कळलं, पण वर गेल्यावर. खऱ्या पाच हजारावर उभं राहिलं की खिंड समोर दिसते. तिथून कुणी फिरत नाही, म्हणून तुम्ही मला दोन दिवस आधीच, मेंढरांतूनच मागे फिरवणार होता. शब्द मी काट्याला दिला होता. तो खोटा निघाला, माझा शब्द सुटला.

खिंडीत ३ तारखेला पोचले. वेळ मोजायला तुम्ही नव्हता, तेव्हा वेळ सांगत नाही. दोन माणसं जेमतेम उभी राहतील एवढी अरुंद जागा आणि वारा असा की वाकूनच राहावं लागतं. समोर काळा कडा आहे, हाताने ढकलावा इतका जवळ. पलीकडचं काही म्हणजे काहीच दिसत नाही. तळं सोडा, घोटभर पाणी दिसत नाही. मी तिथे बसले आणि हसले की रडले ते मला आठवत नाही. एवढं कळलं की तो कडा कुणासाठी तिथे उभा नव्हता आणि मीही त्या घटकेला कुणासाठी तिथे नव्हते. त्याच्यासाठी पुन्हा बारा किलो वाळू उचलेन.

मग वाटाड्याला विचारलं, दोन तळी कुठून दिसतात, एक हिरवं आणि एक काळं. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. म्हणाला, जे खालूनच परततात ते वर काय असतं म्हणून विचारतात आणि रिकाम्या हाताने कसं पाठवायचं, म्हणून आम्ही त्यांना दोन तळी देतो. हिरवं त्याच्या बापाने काढलं, काळं त्याने स्वतः, ऐन तिशीत. तळी कुणाकुणाला दिली तेही त्याला आठवतं. त्यात पेटीभर यंत्रं घेऊन आलेला एक पोरगेला माणूस होता, बावीस वर्षांपूर्वी. त्या गवतातच तीन दिवस पडून होता, ओकतानाही घड्याळात बघून वहीत वेळ लिहायचा. चौथ्या दिवशी सकाळी खाली निघाला. मी वेळ विचारली नाही. अकरा वाजून दहा मिनिटं झाली असणार.

घाबरू नका. मास्तरांना मी उत्तर बरोबर देणार आहे. बुधवारी येते. संध्याकाळी चहा ठेवून तुमच्या शेजारी स्टुलावर बसेन आणि सांगेन, दोन तळी, एक हिरवं, एक काळं, एकाच चेहऱ्यावर दोन रंगांचे डोळे असावेत तशी. घड्याळजींना सांगेन, मास्तरांना सांगेन, प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगेन. तुम्ही बाकावर बसून ऐकायचं. मी कुठे अडले तर तुम्ही आठवण करून द्यायची.

वन्संना काय सांगायचं ते तुमच्यावर. काटा खोटा आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, तरी त्या गवतात मी त्यांना सांगितलं नाही. रोज नाडी मोजतानाचं त्यांचं हसणं तेव्हा माझ्या कानात होतं. आत्ता त्या पलीकडच्या खोलीत मिठाच्या पाण्यात पाय सोडून बसल्या आहेत आणि आज सकाळपासून दोनदा विचारून झालं, मी बरोबर केलं ना वहिनी? मी म्हटलं, दादांनी लिहिलंय ना बरोबर केलं म्हणून.

यंत्र सोबतच्या पार्सलने पाठवते आहे. नऊपर्यंत मोजून त्यावर थेंब टाकला आहे, चांगला बसलाय. काटा जसा लावला होतात तसाच आहे, सहाशे पुढे. मोहोर फोडल्याशिवाय तो आता मागे यायचा नाही.

लोभ वाढो, असं लिहायची पद्धत आहे. आहे तेवढा पुरेल.

आपली