बोटीच्या अर्ध्या हिश्श्याबाबत

मी, बोंग फिल-हो, वय एकोणतीस, राहणार सोमोडो बेट, दक्षिण जोल्ला प्रांत, धंदा गिमची म्हणजे खाण्याच्या समुद्रशेवाळाची शेती, धर्माने ख्रिस्ती, हे मृत्युपत्र कोणाच्याही सांगण्यावरून किंवा दबावाखाली नव्हे, तर स्वखुशीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. हे मुद्दाम लिहिले, कारण २० फेब्रुवारीला सकाळच्या फेरीबोटीने मी डोक्याच्या शस्त्रक्रियेसाठी शहरातल्या इस्पितळात जाणार आहे आणि मागाहून कोणी शंका काढू नये. लहानपणापासून मला आकडी येते. ती कायमची थांबेल, किंवा मी शुद्धीवरच येणार नाही, असे डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या गोष्टीची भीती थोडी आहे असेही म्हणाले, पण किती थोडी, हे विचारायचे मला धैर्य झाले नाही.

शाळा मी आकडीमुळे मध्येच सोडली, तरी प्रत्येक शब्द दोनदा तपासला आहे. सर्व मजकूर माझ्याच हातचा आहे. जेथे खाडाखोड आहे तेथे माझा शिक्का आहे. शिक्का नसलेली खाडाखोड माझी समजू नये.

१. घर, त्यामागची न्हाणी व किमची मुरवायची चार मडकी माझी थोरली बहीण बोंग फिल-ने हिला द्यावीत. मी मूळचा बेटावरचा नाही. ताई लग्न होऊन येथे आली, तिच्यामागे मी आलो. मेहुणे वारल्यावर आम्ही दोघेच आहोत. ताई, मडक्यांची झाकणे बदलू नकोस. डावीकडच्या मडक्याला तडा आहे, ते उचलताना बुडाखाली हात घाल. गॅस मी निघताना बंद करीन, तरी तू येऊन एकदा पाहा.

२. चांदीच्या चमच्यांचे व जेवायच्या काड्यांचे दोन जोड लाल कापडात गुंडाळून कपाटात ठेवले आहेत. ते लग्नासाठी घेतले होते. त्यातला लहान जोड पियो सु-रान हिला द्यावा. ती घेणार नाही. तिला आग्रह करू नये, तिच्या आईच्या हाती तर मुळीच देऊ नये. मग दोन्ही जोड ताईने वापरावेत. नुसते ठेवून दिले तर काळे पडतील.

३. माझ्या नावाने जुन्या पितररीतीप्रमाणे मेजावर फळे-मासे मांडून कोणी दंडवत घालू नये. गावाकडची मावशी ती रीत पाळते, ती रागावेल, तिला ताईने समजवावे. चर्चमधली साधी आठवण-उपासना पुरे. थडग्यावर नावाच्या आधी ‘डीकन’ हे चर्चमधले पद लिहू नये, मी झालो नाही. ‘विश्वासी’ लिहावे. त्यालाही कोणाची हरकत असेल तर नुसते नाव लिहावे.

४. बोट. बोट दोघांच्या नावावर आहे, अर्धी माझी व अर्धी डीकन वी जोंग-मान यांची. <s>माझा अर्धा हिस्सा मुख्य भूमीवरच्या कोणाही परक्या माणसाला विकावा. जोंग-मान यांना तो कोणत्याही किमतीला मिळू नये. परक्याशी जमले नाही तर त्यांनी किनाऱ्यावर बसून इतरांच्या बोटी मोजाव्यात.</s> (खोडले. शिक्का: बोंग फिल-हो.)

कलम चार कोणत्या रागात लिहिले आहे ते नोंदवणे योग्य वाटते, म्हणजे मी ते उगाच लिहिले असे होणार नाही.

मी बेटावर आलो तेव्हा जोंग-मान यांनी मला समुद्र शिकवला आणि विश्वासही शिकवला. मी त्यांना दादा म्हणत असे. तीन हिवाळे, जाळी भरून झाली की शेवाळ वाळवायच्या शेडमध्ये भट्टीशेजारी बसून आमचा अभ्यास चाले. ते म्हणत, माणूस विश्वासात जन्मतो तेव्हा तान्हा असतो, दुधावर वाढतो, पण कधीतरी त्याने अन्नावर यायला हवे. मी कोठवर आलो असे मी सारखे विचारी. ते हसून म्हणत, “शेवाळ रोज उपटून बघितलंस तर वाढेल का रे?” त्या बोलण्याने मला आठवडाभर बरे वाटे.

सु-रानशी लग्न ठरले तेव्हा मी त्यांना आकडीची गोष्ट सांगितली. गोळ्यांमुळे कित्येक वर्षे आकडी आली नव्हती आणि बेटावर ताईशिवाय कोणाला माहीत नव्हते. सु-रानला मी त्याच रविवारी सांगणार होतो. जोंग-मान म्हणाले, “थांब जरा. घाई करू नकोस. कधी सांगायचं ते आपण प्रार्थनेनं ठरवू.” मी थांबलो.

त्याच आठवड्यात बायकांची घरोघरची उपासना सु-रानच्या घरी होती. उकडलेली रताळी खाऊन झाल्यावर प्रार्थनेसाठी विषय मागितले गेले, आणि उपासना चालवायला गेलेल्या जोंग-मान यांनी माझे नाव दिले. फिल-होला आकडी येते, लग्न तोंडावर आले आहे, सर्वांनी मिळून देवाजवळ मागू या. मग सगळ्या बायकांनी मोठमोठ्याने रडून माझ्यासाठी मागितले. सु-रानची आईही रडली. दुसऱ्या दिवशी तिने अंगठी परत पाठवली. आठवडा उलटायच्या आत कोणी मला आपल्या बोटीवर हातभार लावायला बोलावीना.

मी शेडमध्ये गेलो आणि त्यांना विचारले, दादा, हे का केलंत?

ते म्हणाले, “मी काय बाजारात सांगितलं? प्रार्थनेलाच तर सांगितलं.”

मी पाठ फिरवली. तेव्हा ते म्हणाले, “अख्खं गाव तुझ्यासाठी गुडघ्यावर आलंय आणि तू फुगून बसलास. अजून दुधावरच आहेस तू.”

पुढे त्या काळजीत माझी झोप गेली, आकडी परत आली, गोळ्या पुरेनात, आणि गोष्ट शस्त्रक्रियेवर आली. त्याचा दोष मी त्यांना देत नाही, डॉक्टरांनीही दिला नाही. पण चर्चला जायचे मी बंद केले, आणि तेव्हापासून आम्ही बोटीवर आळीपाळीने जातो, बरोबर जात नाही.

येथपर्यंतचे सर्व, कलम चारची खाडाखोड सोडून, काल लिहिले. पुढचे आज लिहीत आहे.

आमच्याकडे प्रत्येक वेळी भाताचे तांदूळ धुण्याआधी माणशी एक चमचा तांदूळ काढून वेगळ्या थैलीत टाकतात. थैली भरली की ती चर्चच्या दारातल्या पेटीत रिकामी करायची. ते तांदूळ पाळकांच्या घरी आणि अडलेल्या घरांत जातात. चर्च सोडल्यावरही माझा हात चमचा काढतच राहिला. मी ठरवून काही केले नव्हते. आज सामान बांधताना पाहिले तर थैलीचे तोंड बांधता येईना. घरात ठेवून गेलो असतो तर किडे पडले असते. म्हणून पहाटेची प्रार्थना संपून सगळे पांगल्यावर, कोणी भेटणार नाही अशा बेताने, मी थैली घेऊन गेलो.

पेटीत तांदूळ ओतत होतो तेव्हा आत एकच माणूस प्रार्थना करत होता. कुलूप लावायचे काम जोंग-मान यांचे असते, म्हणून ते शेवटपर्यंत राहतात. मनातल्या मनात प्रार्थना करायची सवय आमच्या चर्चमध्ये कोणालाच नाही. सगळे एकदम मोठ्याने बोलतात, त्यामुळे कोणाचे कोणाला ऐकू येत नाही. एकटे असतानाही आवाज खाली आणायचे कोणाच्या लक्षात येत नाही. मला सगळे ऐकू आले. मी जायला हवे होते. गेलो नाही, कारण ते माझे नाव घेतील असे वाटत होते. त्यांनी माझे नाव घेतले नाही. मी शेवटपर्यंत वाट पाहिली.

पायरीवर सु-रानची आई विसरलेली छत्री न्यायला परत आली. तिने आतला हुंदका ऐकला आणि मला कोपराने ढोसले. “काय म्हणतोय रे जोंग-मान? तू कधीचा उभा आहेस, तुला कळलं असेल.” इतक्या महिन्यांत ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होती, आणि जवळ येऊन, घरच्यासारखी. मी सांगितले असते तर जेवणाच्या वेळेपर्यंत बेटभर झाले असते. पुढच्या उपासनेत बायका जोंग-मान यांच्यासाठी रडल्या असत्या. शब्द माझ्या तोंडाशी आले होते, आणि ते गोड लागत होते हेही लिहून ठेवतो.

मी म्हणालो, “वारा होता काकू. काही कळलं नाही.”

“आता कानांनाही काही झालंय का तुझ्या?” ती म्हणाली, आणि छत्री घेऊन गेली.

मी घरी आलो, कलम चार वाचले आणि तीन वाक्यांवर रेघ मारून शिक्का मारला. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली.

५. माझा बोटीतला अर्धा हिस्सा, इंजिन व जाळ्यांसह, डीकन वी जोंग-मान यांना विनामूल्य द्यावा. सबंध बोट त्यांची व्हावी. त्यांना तिची गरज पडेल, यापेक्षा जास्त मी लिहीत नाही. ताई, हे तुला आवडणार नाही. तुला घर आहे. याबाबत त्यांच्याशी भांडू नकोस आणि उपकार केल्यासारखे बोलूही नकोस. इंजिनाचा पट्टा नवा घातला आहे, जुना फळीखाली आहे.

६. कलम पाचचा अर्थ मी त्यांना क्षमा केली असा कोणी काढू नये. क्षमा झाली आहे की नाही ते मी आज सकाळपासून तपासत आहे आणि मला नक्की सांगता येत नाही. छातीत अजून दुखते. तरीही बोट त्यांचीच.

७. मी परत आलो नाही तर दफनाच्या वेळी जोंग-मान यांना शेजारी उभे राहू द्यावे. त्यांना माझ्यासाठी प्रार्थना करायची असेल तर त्यांनी ती मनातल्या मनात करावी.

८. कलम पाचचे कारण साक्षीदारांना माहीत नाही, ताईलाही माहीत नाही. कोणी अंदाज बांधत बसू नये. ते कारण उद्या माझ्याबरोबर फेरीबोटीत चढेल. मी शुद्धीवर आलो तर ते माझ्याबरोबर परत येईल, आणि तेव्हाही मी ते कोणाला सांगणार नाही, प्रार्थनेतसुद्धा.

वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला, तो माझ्या मनाप्रमाणे आहे. साक्षीदारांनी माझी सही व शिक्का समोर पाहिला. मजकूर त्यांना वाचायला दिलेला नाही, आणि दोघांनीही मागितला नाही, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

लिहिणार: बोंग फिल-हो (सही व शिक्का)

साक्षीदार:
१. थाक ग्योंग-सू, पाळक, सोमोडो चर्च (सही)
२. म्योंग ओक-बुन, शेजारीण, जाळी विणणार (सही)

स्थळ: सोमोडो, राहते घर
दिनांक: १९ फेब्रुवारी २००४