मंगळवारचा प्रसाद

प्रिय धर्मेश,

आपलं फिसकटल्यावर तुला एक ओळही लिहायची नाही असं ठरवलं होतं. पण अडला हरी... पुढचं तुला पाठ आहे. कॅम्प तीनमधला तुझा जीन्सचा कारखाना जोरात चाललाय म्हणे. गर्दी आमच्याकडेही असते. दर मंगळवारी आमच्या ओट्यावर बायका नारळ घेऊन बसतात, कारण माझ्या भावाच्या, जितेशच्या, अंगात देव येतो.

शिमग्याला तू त्याला गोव्याहून आणलेले कागदाचे इवलेसे तुकडे दिलेस. एक त्यानं होळीपुढेच जिभेखाली ठेवला. ढोल वाजत होते. तो थरथरायला लागला आणि म्हणाला, बाबा पायरीवर बसलेत. बाबांना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. आईनं त्याला ओवाळलं. देव कशानं आला, असं तिनं विचारल्यावर त्या वेड्यानं तुझं नाव सांगून पाकिटातले उरलेले तुकडे काढून दाखवले. तेव्हापासून ते देव्हाऱ्यात होते, आणि दर मंगळवारी आई स्वतःच्या हातानं त्याला एकेक देत होती.

औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत मी काय उगीच काम करते? चित्र काढून तिला समजावलं. मेंदूत सेरोटोनिन या रसायनाची कुलपं असतात, त्यांना ग्राही म्हणतात. त्या तुकड्यांत मुरवलेलं एलएसडी ही त्यांत बसणारी परकी किल्ली. ती बसली की वरून झाकण पडतं, ती तासन्‌तास आत अडकते, आणि माणसाला नाही ते दिसतं. आई शांतपणे म्हणाली, कुलूप देवानंच केलं ना? मला राग आला, रडूही आलं. रोज दिलं असतं तर ते ग्राही दमून गप्प बसले असते. आठवडाभरात मात्र ते पुन्हा ताजे होतात, आणि आईनं तर देवीचा वार धरलेला.

आता बुधवारीही जितेश शुद्धीवर येत नाही. झोपत नाही, मला ओळखत नाही, बाबांसाठी ताट वाढायला लावतो. डॉक्टर म्हणाले, आणखी एक तुकडा पोटात गेला तर हा कदाचित कायमचाच असा राहील. आई म्हणते, आत्ता कुठे तुझे बाबा घरात राहायला लागलेत.

उरलेले तुकडे मी काल जाळले. आई माझ्याशी बोलत नाही. सोमवारी ती तुझ्याकडे येणार आहे, नवा प्रसाद मागायला. पेढे बांधून ठेवलेत. ती तुझ्या पाया पडेल, पडू देऊ नकोस. नुसतं नाही म्हणालास तर देव कोपला समजून दुसऱ्या कुणाकडे जाईल. म्हणून तिला खरं सांग, ते काय होतं आणि तू कुठून आणलंस. माझं तिला पटत नाही, तुझं पटेल. आणि बाबा आता कुठेच नाहीत, हेही तूच सांग. तेवढं मला सांगवत नाही.

एकेकाळी तुझीच,
शलाका