सातव्या पेटीतली बाळंतीण

चि. धाकटीस, थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद.

तुझे गुडघे कसे आहेत, तुझे यजमान अजून तसेच घोरतात का, आणि तू औषध वेळेवर घेतेस की नुसतं बाटलीकडे बघून बरं वाटून घेतेस, ते सविस्तर कळव. मी ठीक आहे. म्हणजे खाते, पिते, हिंडते. पण एका जागी बसवत नाही. सकाळपासून तीनदा चादरीची घडी घातली आणि तीनदा मोडली.

लिहिणारा हात नातीचा आहे. (मला अक्षर येत नाही हे तुला ठाऊक आहे, तुला येतं त्याचा तोरा तू साठ वर्षं मिरवते आहेस.) तिला बजावलं आहे, मी सांगेन ते जसंच्या तसं उतरवायचं, मध्ये तोंड घालायचं नाही आणि पेन खाली ठेवायचं नाही. ती हसून ‘बरं’ म्हणाली. अजून हसतेच आहे. हसू दे.

ती काय करते हे तू दर वेळी विचारतेस आणि मी ‘उंदीर पाळते’ म्हणून मोकळी होते. ते काही खरं नाही. बारा वर्षं झाली, ती उंदीर, घुशी, चिचुंद्र्या असल्या चिमूटभर जिवांचा हिशेब लावते: खातात किती, त्यातलं अंग ऊबदार ठेवण्यात किती जातं आणि पिल्लांच्या दुधात किती. चिचुंद्री म्हणे काही तास उपाशी राहिली तर जिवाला मुकते. (आपले थोरले मामा असेच होते, ते मरायचे नाहीत, नुसते ओरडायचे.) तिच्याकडे एक डबा आहे. त्यात उंदरीण ठेवली की नळीतून किती श्वास घेतला ते यंत्र मोजतं आणि त्यावरून आत चूल केवढी पेटली आहे ते कळतं. पोरीने शेकडो बाळंतपणं पाहिली, पण एकाही बाळाला नाव ठेवलं नाही. सगळे आकडे.

इतकं करून नोकरी अजून वर्षावर्षाच्या बोलीची. परवा गुरुवारी पाच जण बसणार आहेत. त्यांना तिचं काम पटलं तर जागा कायमची, नाही तर बारा वर्षं गुंडाळून दुसरं दार शोधायचं. आणि त्यांच्यापुढे ती जे मांडणार आहे ते सातव्या पेटीबद्दल आहे. म्हणून मला बसवत नाही. (हसू थांबलं आहे. लिही, लिही.)

दीड महिन्यापूर्वी ती बारा दिवस परगावी गेली. जनावरांच्या खोलीचा राखणदार पाय मोडून घरी बसलेला. तेव्हा तिने मला नेमलं. बाकीचे लोक तिला वेड्यात काढत होते, पण ती म्हणाली, “आजी वाचत नाही, म्हणून चिठ्ठ्यांचा घोळ घालणार नाही. आजीइतकं नीट कुणी मोजत नाही.” बारा पेट्या, बारांत बारा बाळंतिणी. रोजच्या खाण्याच्या पुड्या तिने आधीच तोलून बांधलेल्या, लाल दोऱ्याची पूर्ण, पांढऱ्या दोऱ्याची अर्धी. पेट्यांनाही तसेच दोरे. लाल लालला, पांढरं पांढऱ्याला. अर्ध्या पुडीवरच्या आया किती पिल्लं जगवतात, एवढंच तिला बघायचं होतं. धाकटे, मी एक पुडी चुकले नाही. देवाशपथ.

पण तिसऱ्या दिवशी दाराकडून सातव्या पेटीशी आले. पांढरा दोरा. आत आठ पिल्लं, आणि आई त्यातल्या सगळ्यांत बारक्याला नाकाने बाजूला सारते आहे. ते परत येतं, ती परत सारते. रागाने नाही गं. अगदी हळू. आपल्या आईला आठवं झालं तेव्हा तिच्या अंगावर दूध नव्हतं आणि शेजारणीकडून वाटीभर आणायला मी जात असे. ते आठवं कोण होतं ते तुला सांगायला नको. तूही अशीच चिंचोक्याएवढी होतीस, आणि इतकीच बेसूर.

माझ्या रुमालात भाजलेले शेंगदाणे होते. (मध्ये नात उठून खिडकीशी गेली होती, तेवढा वेळ पत्र थांबलं. हेही लिही.) पाच सकाळी, पाच संध्याकाळी, नऊ दिवस. बाकी कुठल्या पेटीत नाही. मला काय सगळ्या जगाचं करायचं नव्हतं. नात परतली तेव्हा सातवीची आठच्या आठ पिल्लं डोळे उघडून धिंगाणा घालत होती, आणि अर्ध्या पुडीवरच्या इतर आयांकडे चार किंवा पाच उरलेली. नात खोलीभर नाचली. म्हणाली, “आजी, ही आई काहीतरी वेगळंच करते आहे!” मी म्हटलं, “करत असेल बाई.” तिथेच माझी जीभ कापून ठेवायला हवी होती. मी वाट बघितली की हे आपोआप विसरलं जाईल. विसरलं कुठलं, त्यावर लेख झाला, चित्रं झाली, गुरुवार ठरला.

तोंडावर सांगायचं धैर्य झालं नाही, म्हणून हे पत्र. उंदरीण काही वेगळं करत नव्हती. म्हातारी करत होती.

सगळ्यांना विचारलं म्हणून सांग.

तुझी,
थोरली (अंगठा खाली आहे, शाई जास्त लागली)

ता. क. खरं तर पत्र एवढ्याचसाठी: नातीने मला इथे ठेवून घेतलं नाही तर महिनाभर तुझ्याकडे येईन. खाट भिंतीकडची नको. घोरणाऱ्यांपासून लांब.

ता. क. दुसरा. गुरुवारी मलाही त्या पाच जणांपुढे ने म्हणावं नातीला. मी सांगेन, हात माझा होता. पोरीच्या मोजण्यात खोट नाही.

ता. क. तिसरा, आजीने न सांगितलेला. मावशीआजी, सातव्या पेटीच्या भुशात शेंगदाण्याची लाल सालं मला पंधरा दिवसांपूर्वीच दिसली होती. श्वासाचे आकडेही अर्ध्या पुडीचे नव्हते. मी सालं झाडून टाकली आणि स्वतःला सांगितलं, दिसलीच नाहीत. आजीने निदान नऊ दिवस कुणाचं तरी पोट भरलं. मी काय केलं ते गुरुवारी मला सांगावं लागेल. सातवी वगळून उरलेल्या अकरांवर उभी राहीन. ते कमी पडेल, बहुतेक. खाटा दोन लावून ठेव.

आजी विचारते आहे, एवढं काय लिहितेस? पत्ता, म्हटलं. ती म्हणते, धाकटी घर बदलून चंद्रावर गेली की काय?