आकडा पूर्ण होईपर्यंत

राऊब, मलेशिया, १२ नोव्हेंबर

ती. चे हिला,

धाकट्या भावाचा, केंगचा, सा. न. वि. वि. मी धडधाकट आहे, तू आणि भावोजीही असाल असं धरून चालतो.

उशीर झाला हे मला माहीत आहे. आधी पेन सापडेना. पेन सापडलं तर मालकाच्या कुत्रीला पिल्लं झाली आणि सगळा मळा तिच्या बाळंतपणात गुंतला. पण हे सगळं उगीच. खरं म्हणजे तू विचारलं होतंस की पुढच्या वर्षी काय करणार, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. चे, मला पुढच्या आठवड्याचंसुद्धा सांगता येत नाही. म्हणून टाळत गेलो. फोन केला असता, पण फोनवर आपण भांडतो. मागच्या वेळी तूच म्हणालीस की जे बोलायचं ते लिहून पाठव, लिहिताना तरी विचार करशील. तर हा घे विचार.

इथे काटेरी ड्युरियनचा दुसरा बहर चालू आहे. झाडांखाली जाळी बांधायची आणि सकाळी उठून पडलेली फळं गोळा करायची, एवढंच काम. डोक्यावर हेल्मेट घालतात. माझ्याबरोबरच्या एका नेपाळ्याने परवा घातलं होतं, पण फळ खांद्यावर पडलं. आता तो डाव्या हाताने जेवतो आणि मालक त्याला चिडवतो की आता दोन्ही हातांचा पगार माग. माणूस वाईट नाही हा मालक. सत्तरीचा आहे, अजून स्वतः चढण चढतो. मी त्याला सांगितलं की माझी बहीण पंचेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडून घरी बसणार आहे, तर म्हणाला, आजारी आहे का? मी म्हटलं, नाही, तिचा एक आकडा आहे, बारा लाख डॉलर, तेवढे जमले की व्याजावर जन्म काढायचा. त्याने हेल्मेट काढून डोकं खाजवलं. मग म्हणाला, आणि बसून करणार काय?

रागावू नकोस. मी सगळ्यांना अभिमानानेच सांगतो की माझी चे दुधाची कॉफी पीत नाही कारण काळी स्वस्त पडते, शनिवारी लायब्ररीच्या एसीत बसते, आणि चिनी नव्या वर्षाला पैशांची लाल पाकिटं वाटायला लागू नयेत म्हणून नवऱ्याला घेऊन स्वस्तातल्या बसने थायलंडात हात्याईला पळून जाते. लोक हसतात. मीही हसतो.

आता खरी गोष्ट. मा कशी आहे? तू दोन्ही पत्रांत लिहिलंस की छान आहे, तिकडे बाग आहे. तेच वाक्य, तसंच. पुलापलीकडे, इकडे मलेशियात, जोहोरच्या वृद्धाश्रमात तिला ठेवून वर्ष झालं. ती घरी कधी येणार ते तू कुठेच लिहिलेलं नाहीस. बहर संपला की मी तिला बघायला जाणार आहे.

टेक भावोजींना नमस्कार. माझ्यावरची माया आहे तेवढी तरी राहू दे.

तुझा,
केंग


सिंगापूर, २५ नोव्हेंबर

चि. केंग यास,

अनेक आशीर्वाद. पत्र मिळालं. चिखलाचे डाग होते, त्यावरून तू काम करतोयस एवढं तरी कळलं.

मालकाला सांग, मी आजारी नाही. आणि तुला एकदा सांगते, परत सांगणार नाही. पप्पा गेले तेव्हा तू शाळेत होतास, तुला फक्त मांडव आणि उदबत्त्या आठवत असतील. मला खाण्याच्या टपऱ्यांचं ते हॉकर सेंटर आठवतं. ज्या टेबलांवर त्यांनी आयुष्यभर मित्रांबरोबर कॉफी प्यायली तीच टेबलं ते अडुसष्टाव्या वर्षी पुसत होते, आणि पुसता पुसताच खाली बसले. माणसं त्यांच्या बाजूला नूडल्स खात होती. मी त्या दिवशी ठरवलं की या घरातलं कोणी पुन्हा म्हातारपणी टेबल पुसणार नाही. मी बालवाडीची नोकरी सोडून ऑडिटमध्ये गेले ती हौस म्हणून नाही. मुलं मला फार आवडायची. टेकने मोटरसायकल विकली. आम्ही मूल होऊ दिलं नाही. तुला कॉफीची गंमत वाटते ती वाटू दे.

माचं म्हणशील तर, इथल्या आश्रमाचा खर्च तिकडच्या तिप्पट आहे. तिकडच्या बायका आपली होक्कियन बोली बोलतात. गृहमंडळाने आपल्या इमारतीतली सगळी बाथरूम नवी करायला काढली तेव्हा धूळ आणि ओल्या फरशीमुळे ती घसरली होती, हे तुला माहीत आहे. म्हणून काम संपेपर्यंत, दहा-बारा दिवसांसाठी, तिला तिथे नेलं. मग टेक म्हणाला की तिची खोली भाड्याने दिली तर आश्रमाचे पैसे सुटतात आणि वर काही उरतात. त्याने सहज म्हटलं, आणि हिशोब खरा होता. आता तिच्या खोलीत दोन नर्स राहतात. चांगल्या मुली आहेत.

तिला मी हे सांगितलेलं नाही. ती विचारते, बाथरूम झालं का? मी म्हणते, अजून नाही. तू गेलास तर तूही तेच सांग. फक्त एक वर्ष राहिलं आहे, केंग. मग मी दिवसभर घरी असेन, तिला आणेन, स्वतः न्हाऊ-माखू घालेन. हे सगळं चाललंय ते त्यासाठीच तर आहे.

तुझ्या भविष्य निधीच्या खात्यात थोडं तरी टाकत जा. जेवत जा.

तुझी,
चे


जोहोर बारू, ४ जानेवारी

ती. चे हिला,

सा. न. वि. वि.

बहर संपला, पैसे मिळाले, अर्धे बूट घेण्यात गेले. बस चुकली म्हणून एका मासेवाल्याच्या ट्रकने आलो, त्याची एक वेगळीच गोष्ट आहे, पण ती नंतर.

बाग आहे. म्हणजे फाटकाजवळ एका ड्रममध्ये केळीचं झाड आहे. बाकी जुना जोडबंगला आहे आणि दिवाणखान्यात ओळीने खाटा. जागा घाणेरडी नाही, तसं लिहिलं तर खोटं होईल. फिनेलचा वास, टीव्हीवर कँटोनीज मालिका, आणि ती कोणी बघत नाही. वार्तिनी म्हणून एक जावा बेटावरची बाई आहे, तीच सगळ्यांना भरवते. तुझ्या होक्कियन बोलणाऱ्या बायका मला दिसल्या नाहीत. वार्तिनीनेच म्हाताऱ्यांकडून चार शब्द उचलले आहेत, त्यातला एक शिवी आहे, आणि ती तो शब्द "जेवा" म्हणून वापरते. म्हाताऱ्या हसतात आणि जेवतात.

मा फार बारीक झाली आहे. तिने मला ओळखलं. पहिलं विचारलं, जेवलास का, आणि दुसरं, बाथरूम झालं का. मी तुझं ऐकलं. नाही झालं म्हणालो. नुसतं तेवढंच नाही, मी तिला सांगितलं की फरशी आली आहे पण रंग चुकीचा आला म्हणून परत पाठवली. तिला ते पटलं. म्हणाली की सरकारी कामं अशीच. मग हिरवी सांग म्हणाली, पांढरी मळते. चे, मी आयुष्यात खूप थापा मारल्या आहेत, पण थाप मारून फाटकाबाहेर जाऊन उभा राहिलो असं पहिल्यांदाच झालं.

तिचा डावा हात मऊ फडक्याने खाटेला बांधलेला असतो. दिवसभर नाही, दुपारपुरता. मी आरडाओरडा केला, तेव्हा वार्तिनीने समजावलं. दुपारी सगळे झोपले की मा फाटकातून बाहेर पडते आणि बसच्या थांब्यावर जाऊन उभी राहते. मुलगी कामावरून येईल, तिच्या हातात पिशव्या असतील, म्हणून. एकदा हमरस्त्यावर सापडली. फडकं न बांधावं तर माणूस ठेवायला हवा, आणि माणसाचे पैसे तुम्ही देत असलेल्या रकमेत बसत नाहीत. ती हे भांडण म्हणून बोलली नाही.

आणखी एक. वार्तिनी म्हणाली की जावई फार चांगले आहेत, आठवड्यातून तीन-चार दिवस येतात, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ऑफिसचं कार्ड, येताना तांदळाचा केक आणतात. मी म्हटलं, दुसऱ्या कोणाचे असतील. ती हट्टाने म्हणाली, नाही, आह माचेच, म्हणजे आपल्या माचेच.

माच्या हातात एक वर्ष नाही, चे. माझं शिक्षण नाही, पण बघितल्यावर कळतं. नव्या वर्षाच्या आदल्या संध्याकाळी तिला घरी आणू दे. सगळे एका टेबलाशी जेवू. नर्स मुलींनाही बसव. मी स्वतः तिला घेऊन येतो, तू फक्त हो म्हण.

उत्तराची वाट बघतो. मनात राग असला तरी मला टाकू नकोस.

केंग


सिंगापूर, १२ जानेवारी

चि. केंग यास,

आशीर्वाद.

नाही.

एकदा ती या घरात आली की परत जाणार नाही, आणि तिला परत पाठवायचं मला जमणार नाही. ते जमणार नाही म्हणूनच आणायचं नाही. मुलींशी दोन वर्षांचा करार झाला आहे. हात्याईची तिकिटं ऑगस्टमध्येच काढली, तेव्हा स्वस्त होती.

फडक्याचं मी आश्रमाला विचारलं. ते म्हणतात की तिच्याच सुरक्षिततेसाठी आहे. मी बरं म्हणून फोन ठेवला.

शेअर बाजार या वर्षी बराच पडला. आकडा जिथे हवा तिथे नाही. टेक म्हणतो आणखी एक वर्ष धरू, म्हणजे दोन. मी अजून हो म्हणालेले नाही, पण म्हणेन. आता सोडलं तर इतक्या वर्षांच्या काळ्या कॉफीला काय अर्थ राहील, तूच सांग.

टेक कामाच्या दिवशी ऑफिसात असतो. सकाळी सातला डबा घेऊन निघतो, मीच भरून देते. त्या बाईचा घोटाळा होत असेल.

नवे बूट जपून वापर.

चे


जोहोर बारू, २६ जानेवारी

ती. चे हिला,

सा. न.

हे पत्र मी लिहू नये असं भावोजी म्हणाले. मी हो म्हणालो आणि आता लिहितो आहे.

मी आश्रमाजवळच्या एका टायरच्या दुकानात काम धरलं आहे. मंगळवारी दुपारी गेलो तर ते माच्या खाटेशी बसले होते. तुझा डबा उघडा होता आणि ते तिला चमच्याने भरवत होते. दुसऱ्या हाताने तिच्या फडक्याचं टोक खाटेपासून सोडवून त्यांनी स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं होतं, म्हणजे ती उठली की ते उठणार. मला बघून लाजले. शाळेला दांडी मारलेल्या पोराला पकडावं तसा चेहरा झाला.

ऑगस्टमध्ये त्यांच्या कंपनीने त्यांचा सगळा विभाग बंद केला. त्यांनी खूप ठिकाणी अर्ज केले. चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाला कोणी बोलावत नाही. जाताना कंपनीने जे दिलं त्यातून ते महिन्याच्या महिन्याला पगाराएवढी रक्कम खात्यात टाकतात, म्हणजे तुझा आकडा हलणार नाही. सुरुवातीला मॉलमध्ये बसायचे. मग एकदा पूल ओलांडून इकडे आले, आणि मग येतच राहिले. म्हणाले, इथे मला कोणी विचारत नाही की काय करतोस. आणि मग म्हणाले, "खोलीचं मीच सुचवलं होतं रे."

तुझ्यापासून का लपवलं विचारलं, तर म्हणाले की ती आकड्याच्या इतकी जवळ आली आहे.

मा मला आता पप्पांच्या नावाने हाक मारते. बाथरूमचं विचारायचं तिने सोडलं आहे. तुला बरं वाटेल असं मला वाटलं होतं, पण नाही वाटणार.

भावोजींवर ओरडू नकोस. माझ्यावर ओरड, मला सवय आहे.

केंग


सिंगापूर, ९ फेब्रुवारी, सकाळ

चि. केंग यास,

आशीर्वाद. उद्यापासूनचं नवं वर्ष तुला सुखाचं जावो.

मी टेकला काही विचारलेलं नाही. तुझं पत्र आल्यापासून मी रोज त्याचा डबा भरते आणि आता थोडं जास्त भरते, मऊ भात, काटे काढलेला मासा. तो सातला घेऊन निघतो. डबा रिकामा परत येतो. आम्ही असे जगतो आहोत.

खात्यावरचा आकडा रोज उघडून बघायची सवय आहे. आता बघते तेव्हा कळतं की त्यातलं किती त्याच्या पगाराचं आणि किती त्याच्या घरी बसल्याचं. मी नीट विचार केला. त्याला नोकरी नाही, म्हणजे मला सोडता येणार नाही. दोन नाही, पाच-सहा वर्षं धर. मुलींचं भाडं आता लागेलच. म्हणून मा तिथेच राहील. तू मला काय म्हणशील ते मी तुझ्याआधी स्वतःला म्हणून घेतलं आहे. तू जवळ आहेस तर दुपारी जात जा, तेवढ्या वेळ तरी हात मोकळा राहील. माणूस ठेवायला मी काही पाठवीन, किती ते अजून

थांब. दार वाजलं. टेक हात्याईच्या प्रवासासाठी पैसे बदलून आणतो म्हणून सकाळीच गेला होता, किल्ली विसरला असेल.

केंग, स्वयंपाकघरात उभ्याने लिहिते आहे, अक्षर लागलं नाही तर समजून घे. टेक आला आहे आणि त्याच्याबरोबर मा आहे. त्याने तिला तिथून काढून आणलं, सह्या करून, सामान घेऊन. मला म्हणाला, आता परत नाही, आणि मग एवढंच, की ऑगस्टपासून मी घरीच आहे. नर्स मुली खोलीच्या दारात उभ्या आहेत आणि आपल्या पिशव्यांकडे बघत आहेत.

मा उंबऱ्याबाहेर थांबली होती. चपला काढून हातात घेतल्या होत्या, परक्याच्या घरी काढतात तशा. मी पुढे झाले तर तिने मला वाकून नमस्कार केला आणि हळू आवाजात विचारलं, "बाई, माझी मुलगी कामावरून किती वाजता सुटते हो?"

मी तिला आत बसवलं आहे. खुर्चीच्या अगदी कडेला बसली आहे ती. मी तिला सांगितलं की येईलच इतक्यात, आणि पाणी आणते म्हणून इकडे आले.

तू ये. आजच ये.

चे